सोडायचं कुठे?

माझा भाचा बडोद्यात प्राणी वाचवणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका गटात आहे. त्याचा फोन लागला नाही की लोक मला गाठतात. कुणाच्या माळ्यावर रात्री धावपळ चालू असते, कुणाच्या पिकत आलेल्या पपईला रातोरात भोक पडलेलं असतं, कुणाच्या गच्चीवर वानरांनी कुंड्या उलथून टाकलेल्या असतात. पावसाळ्यात कधीतरी कंपाउंडच्या भिंतीशी मगरीचं पिल्लू निघतं. फोनवरचं माणूस घाबरलेलं असतं नाहीतर वैतागलेलं, आणि त्याला एकच गोष्ट हवी असते: पिंजरा. कुठे मिळेल, केवढ्याला पडेल, आमिष काय लावायचं?

मी एवढंच विचारते, की पकडल्यावर सोडणार कुठे? बहुतेक वेळा पलीकडचा आवाज थांबतो. मग उत्तर येतं, "लांब कुठेतरी. नदीपलीकडे. नाहीतर पावागडच्या जंगलात."

या 'लांब कुठेतरी'बद्दल मला लिहायचं आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट मारायचं नाही, जीव वाचवायचा, हीच त्यामागची भावना असते, आणि ती मला मोलाची वाटते. पण गाडीच्या डिकीतून नेऊन सोडलेल्या त्या जनावराचं पुढे काय होतं, हे पाहायला आपल्यातलं कुणी तिथे थांबत नाही. दार उघडलं, ते पळालं, आपण हात झटकले. खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आमचं घर कारेलीबागेत, सासऱ्यांनी बांधलेलं. विश्वामित्री चालत जाण्याच्या अंतरावर. मागे परस आहे: चिकूचं जुनं झाड, चार पपया, शेवगा, कढीपत्ता, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू. अशा परसात माणसं एकटी राहत नाहीत. खारी दिवसभर असतात. मुंगूस सकाळी भिंतीवरून जाऊन येतं. घोरपड उन्हाळ्यात दिसते. इथले गुजराती शेजारी तिला 'पाटला घो' म्हणतात आणि ती विषारी असल्याची खात्री बाळगून असतात, पण घोरपडीच्या चाव्यानं माणूस दगावत नाही. ती बिचारी उंदरांची पिल्लं, किडे आणि अंडी शोधत फिरते. रात्रीचं राज्य वटवाघळांचं आणि उदमांजराचं.

बाहेरगावच्या पाहुण्यांना याचं आश्चर्य वाटतं. एवढं मोठं शहर, आणि हे सगळं अजून आहे कसं? कारण या शहरात त्यांना राहायला जागा ठेवली गेली आहे. सयाजीराव महाराजांनी 1879 साली वसवलेली कमाटीबाग, लक्ष्मीविलास राजवाड्याचं आवार, विद्यापीठातली जुनी झाडं, आणि या सगळ्यांना जोडत वळणं घेत जाणारी नदी. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात निघते, शहराच्या मधून जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. तिला येऊन मिळणाऱ्या पावसाळी नाल्यांना इथे 'कांस' म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस. आपण त्यांच्याकडे सांडपाण्याचे नाले म्हणून बघतो, पण प्राण्यांसाठी ते दाट वस्तीतून जाणारे बिनरहदारीचे रस्ते आहेत. आपल्या परसात जे येतं ते बहुतेक याच रस्त्यानं येतं.

सुरुवात उंदरांपासून करते, कारण पिंजऱ्याची सवय आपल्याला उंदरांनीच लावली. तारेचा पिंजरा, वर आकडा, आकड्याला भज्याचा तुकडा. सासूबाईंच्या काळापासून तो आमच्या मोरीजवळ टांगलेला आहे. सकाळी खटका पडलेला दिसला की गल्लीतलं कुणीतरी तो उचलून नदीकडच्या मोकळ्या प्लॉटवर रिकामा करून यायचं. अनोळखी जागी सुटलेल्या उंदराला ना बीळ ठाऊक, ना खाणं, ना पळायची वाट. काही कुत्र्यांच्या तोंडी जातात, काहींना घार उचलते, उरलेले पहिल्या दिसेल त्या भोकातून दुसऱ्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरतात. आणि आपल्या घरात रिकामी झालेली जागा भरायला वेळ लागत नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. अन्न तेवढंच राहिलं, की उंदीरही तेवढेच राहतात.

म्हणून उंदरांचं खरं काम पिंजऱ्याचं नसून सिमेंटचं आहे. घरातली छोटी उंदरं जेमतेम 6 मिलिमीटरच्या फटीतून आत येतात, मोठ्या उंदराला 12 मिलिमीटर पुरतात. गॅसच्या नळीचं भोक, मोरीची जाळी, दाराखालची फट, एसीच्या पाइपभोवतीची पोकळी हे सगळं टॉर्च घेऊन एकदा शोधायचं आणि बारीक तारेची जाळी कोंबून वरून सिमेंट लावायचं. धान्य पत्र्याच्या डब्यात, कुत्र्यामांजराचं उरलेलं खाणं रात्री आत, ओल्या कचऱ्याच्या बादलीला घट्ट झाकण. एवढं झालं की पिंजरा महिनोन्महिने रिकामा राहतो.

एक विनंती मात्र हात जोडून करते. बाजारात गोंदाचे पुठ्ठे मिळतात, ते आणू नका. त्यावर उंदीर चिकटतो आणि तासन्‌तास जिवंत राहतो, सुटायच्या धडपडीत स्वतःची कातडी सोलून घेतो. त्यावर पाली चिकटतात, चिमण्या चिकटतात. भाच्याकडे एकदा अशा पुठ्ठ्यावर अडकलेला बुलबुल आला होता. कोमट खोबरेल तेल लावून एकेक पीस सोडवावं लागलं. आणि चिचुंद्रीला उंदीर समजून मारू नका. लांब सोंडेसारखं नाक आणि उग्र वास असलेला हा जीव उंदरांच्या जातीतला नाही, झुरळं आणि किडे खाऊन तो तुमचं घर साफ ठेवतो.

उंदरांमागून साप येतात, हेही इथेच सांगते. परसात धामण दिसली की फोन येतो, आणि ती पकडून नेली जाते. पण ती तिथे का आली होती, ते पाहिलं जात नाही. लाकडांचा ढीग, विटांची रास, फुटक्या कुंड्या, त्यांखालचे उंदीर तसेच राहतात, आणि काही दिवसांत तिच्या जागी नवं कुणीतरी येतं. ते धामणच असेल याची हमी नाही, घोणसही असू शकते. नाग, घोणस, मण्यार घरात किंवा अंगणात असेल तर तो जाणकारानंच हलवायला हवा, त्यात दुमत नाही. पण तो गेल्यावर त्याच संध्याकाळी विटांची रास हलवली नाही, तर ते काम अर्धंच राहिलं.

आता उदमांजराची गोष्ट. ही मी सावकाश सांगणार आहे, कारण त्यातून मला सगळ्यात जास्त कळलं.

शेजारच्या घराला अजून मंगळुरी कौलं आहेत, खाली लाकडी माळा. मासी तिथे मुलगा-सुनेबरोबर राहतात. माघ सरता सरता रात्री त्यांच्या माळ्यावर दडदड सुरू झाली. मग छतावर एक पिवळट डाग उमटला. मग पहाटे बारीक कुईंकुईं ऐकू येऊ लागली. सुनेचं तान्हं बाळ त्याच खोलीत निजायचं, त्यामुळे घरातलं वातावरण किती ताणलं असेल याची कल्पना करा. मासी भिंतीवरून म्हणाल्या, "वणियर छे. पांजरूं मुकावी दो ने, बेन." म्हणजे उदमांजर आहे, पिंजरा लावून द्या ना. त्यांच्या मुलानं पिंजरा ठरवलाही होता, आणि पकडून शहराबाहेर आजव्याच्या तलावाच्या बाजूला सोडून यायचं हेही ठरलं होतं.

भाचा आला. त्यानं आधी माळ्यावर हातही घातला नाही. परसातून फिरला, चिकूखाली वाकला आणि विष्ठा दाखवली, जिच्यात चिकूच्या काळ्या बिया अख्ख्या होत्या. मग कौलांच्या कडेला फुटलेला कोपरा दाखवला, जिथून ते आतबाहेर करत होतं. चिकूची एक फांदी थेट त्या कोपऱ्यावर आली होती. तो मासींच्या मुलाला म्हणाला, "दादा, वर आवाज येतोय तो पिल्लांचा आहे. आज तुम्ही आईला पकडून आजव्याला सोडलंत, तर ती तिथे जगेल की नाही ते सांगता येत नाही. पण ही पिल्लं इथे तुमच्या डोक्यावर मरतील. मग तुम्हाला माळा उघडावाच लागेल, आणि तो वास महिनाभर जाणार नाही."

हे ऐकून मासी गप्प झाल्या. खाली पाळण्यात नातू होता, वर तिची पिल्लं. त्यांनी मुलाला सांगितलं, की थांबू या.

थांबायचं म्हणजे काय करायचं, हे फार थोडे लोक सांगतात, म्हणून लिहिते. बाळाचा पाळणा दुसऱ्या खोलीत गेला. छताच्या त्या भागाखाली प्लास्टिक अंथरलं. माळ्यावर जायचं नाही, काठीनं ठोकायचं नाही, कारण घाबरलेली आई पिल्लं अर्धी हलवते आणि अर्धी टाकते. उदमांजराला एका वेळी दोनपासून पाचपर्यंत पिल्लं होतात, आणि काही आठवड्यांनी ती आईमागे रात्री बाहेर पडू लागतात. रोज संध्याकाळी मासी ओट्यावर बसून कौलांच्या कोपऱ्याकडे बघत राहायच्या. आई बाहेर पडताना दिसली की मला हाक मारायच्या. लांबट करडं अंग, काळं तोंड, शेपूट अंगाएवढंच. फांदीवर क्षणभर थांबायची आणि चिकूच्या पानांत नाहीशी व्हायची. एका रात्री तिच्यामागून पिल्लं निघाली. त्यांना अजून फांदीवर तोल सांभाळता येत नव्हता, आणि आई पुन्हापुन्हा मागे वळून येत होती.

त्यानंतर भाच्यानं कोपऱ्यावर बाहेरच्या बाजूनं उघडणारी जाळीची झडप बसवली: आतून ढकलून बाहेर पडता येतं, बाहेरून आत शिरता येत नाही. काही रात्री माळ्यावर पिठाची रांगोळी पसरून ठेवली. पावलं उमटली नाहीत तेव्हा माळा रिकामा झाल्याची खात्री झाली. मग कौलं बदलली, कोपरा बुजवला, आणि छतावर येणारी फांदी छाटली. ती फांदी छाटली नसती तर बाकीचं सगळं वाया गेलं असतं. उदमांजर झाडाचं जनावर आहे, त्याला छतापर्यंत पूल नको म्हणून झाड पाडायची गरज नसते, त्याला उडी मारता येणार नाही एवढं अंतर राहील अशी फांदी छाटली की पुरतं.

ती अजूनही परसात येते. चिकू खाते, पडलेली पपई खाते, उंदीरही खाते. ज्या पपया घरात हव्यात त्यांना आम्ही जुन्या साडीचं कापड बांधतो. बाकी तिच्या.

कुणी म्हणेल, एका रानमांजरासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याचं एक उत्तर कायद्यात आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत मारण्याबरोबर पकडणं, फास लावणं, सापळा लावणं आणि आमिष दाखवणंही येतं. म्हणजे परवानगीशिवाय लावलेला पिंजरा हा कायद्याच्या नजरेत शिकारच, मग मनात कितीही दया असो. घोरपड आणि मगर तर अनुसूची एकमध्ये, वाघाच्या पंक्तीला. त्यामुळे पिंजरा लावायचा की नाही हे ठरवायचा अधिकार वनखात्याचा आहे, आणि पहिला फोन तिथेच जायला हवा. मला हे बंधन जाचक वाटत नाही. पकडणारा आणि सोडणारा कुणाला तरी जबाबदार असावा, एवढंच त्यात आहे.

दुसरं उत्तर पिंजऱ्यातच आहे. तारेच्या पिंजऱ्यात सापडलेलं जनावर रात्रभर तार चावतं, नाक घासतं, दात मोडून घेतं. बडोद्याच्या मे महिन्यात सकाळी नऊनंतर उन्हात राहिलेला पिंजरा म्हणजे मरणच. वनखात्याची माणसं किंवा जाणते स्वयंसेवक पिंजरा लावतात तेव्हा तो सावलीत ठेवतात, वर गोणपाट टाकतात, पहाटे उजाडायच्या आत पाहायला येतात. ज्याला हे जमणार नाही त्यानं पिंजऱ्याचा विचार करू नये.

वानरांबद्दल थोडं कडक बोलणार आहे. आपल्या शहरातली वानरं काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. मुळात ती पानं खाणारी. त्यांच्या पोटात कप्पे असतात आणि त्यांत जिवाणू पाला आंबवून पचवतात. त्या पोटात आपण शनिवारी भक्तिभावानं गाठिया, बिस्किटं आणि केळी घालतो, आणि रविवारी तीच टोळी स्वयंपाकघराच्या खिडकीत आली की पिंजरा मागतो. हनुमानाबद्दलची श्रद्धा माझ्याही मनात आहे. पण देवाच्या नावानं त्यांचं पोट बिघडवणं आणि त्यांची माणसाची भीड मोडणं ही सेवा होत नाही. दारापुढे शेवगा, उंबर, पिंपळ वाढवला तर ती सेवा.

टोळीतला एखादा नर अंगावर येतो म्हणून 'तेवढाच उचला' अशी मागणी होते. यात काय दडलेलं आहे ते फार थोड्यांना माहीत असतं. वानरांच्या टोळीत बहुधा एक मोठा नर, अनेक माद्या आणि त्यांची पिल्लं असतात. नर गेला की बाहेरचे नर टोळीवर चालून येतात, आणि जो जिंकतो तो पुष्कळदा अंगावर पिणारी पिल्लं मारतो, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी 1960च्या दशकात धारवाडच्या बाजूला हे नोंदवलं, आणि पुढच्या दशकात अमेरिकी संशोधक सारा हर्डी यांनी राजस्थानातल्या अबूच्या वानरांचा अभ्यास करून त्याची कारणं मांडली. म्हणजे एक नर पिंजऱ्यात घालून नेला, की आपण मागे राहिलेल्या पिल्लांचं भवितव्य ठरवून टाकतो. चावरा झालेला नर हलवावा लागतो, तो हलवायलाच हवा. पण तो चावरा झाला कसा, हे त्या गल्लीतल्या प्रत्येकानं स्वतःला विचारावं. बहुतेक ठिकाणी हातातून खाऊ घालण्यापासून सुरुवात झालेली असते.

आणि आता मगर. बडोद्यावर लिहायचं आणि मगरीला वगळायचं, हे होणार नाही.

2025 साली झालेल्या मोजणीत शहरातल्या नदीच्या पट्ट्यात 400हून जास्त मगरी आढळल्या. एवढ्या मोठ्या वस्तीच्या मधोमध एवढ्या मगरी, हे जगात क्वचितच कुठे दिसेल. काळ्या घोड्याच्या पुलावर हिवाळ्याच्या सकाळी माणसं गाडी थांबवून काठावर ऊन खात पडलेल्या मगरी बघतात. इथल्या गुजराती घरांत खोडियार मातेच्या तसबिरी असतात, आणि तिचं वाहन मगर. आणंद-खेड्याकडच्या चरोतर भागातल्या गावांत तर तळ्याच्या एका काठाला माणसं आणि दुसऱ्या काठाला मगरी, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. पण मी हे सगळं गोड करून सांगणार नाही. विश्वामित्री आणि ढाढरच्या काठी मगरीच्या हल्ल्यात माणसं गेलेली आहेत. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यापुढे सहजीवनाचे शब्द उच्चारताना जीभ अडखळते.

2024च्या ऑगस्टमधला पूर आम्ही पाहिला. नदीची धोक्याची पातळी 26 फूट, पाणी 35 फुटांच्या वर गेलं होतं. 27 ते 29 ऑगस्ट या तीन दिवसांत वस्तीतून 24 मगरी बाहेर काढल्याचं वनखात्यानं सांगितलं. शहरातल्याच अकोटा भागात एका घराच्या छपरावर मगर बसलेली होती, तो फोटो देशभर फिरला. भाचा त्या दिवसांत घरी फक्त कपडे बदलायला यायचा. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली दिवाणखान्यात गुडघाभर पाणी, आणि दिवे नाहीत. त्या अंधारात पाण्यात काहीही हललं तरी छातीत धस्स व्हायचं. तेव्हा जो माणूस म्हणतो की घेऊन जा या मगरी इथून, त्याला मी चूक म्हणू शकत नाही.

पकडण्याचं काम कौशल्याचं आहे. आधी डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकतात. दिसेनासं झालं की मगर बरीच शांत होते. मग दोराचा फास, मग जबड्यावर पट्टी. मगरीचे जबडा मिटणारे स्नायू भयंकर ताकदीचे, पण उघडणारे इतके दुबळे की चिकटपट्टीचे वेढे त्याला पुरतात. शेपटीपासून मात्र जपावं लागतं. शेताच्या कडेला, तळ्याकाठी वारंवार दिसणाऱ्या मगरीसाठी वनखातं लोखंडी पिंजरा लावतं, आत कोंबडी. पुरात पकडलेल्या मगरी पाणी उतरेपर्यंत बचाव केंद्रात ठेवतात.

आणि मग त्यांना पुन्हा विश्वामित्रीतच सोडतात. इथे लोकांचा पारा चढतो. एवढं पकडलं आणि परत नदीतच? नर्मदेत का नाही सोडत?

भाचा यावर दोन गोष्टी सांगतो, त्या मी नंतर वाचूनही पाहिल्या. पहिली ऑस्ट्रेलियाची. 2004 साली तिथे खाऱ्या पाण्यातल्या तीन मोठ्या मगरी पकडून हेलिकॉप्टरनं लांब नेऊन सोडल्या आणि त्यांना उपग्रहाशी जोडलेले यंत्र लावले. तिन्ही परत आल्या. त्यांतली एक समुद्रकाठानं 20 दिवसांत 400हून अधिक किलोमीटर पोहून आपल्या नदीत पोचली. आपली मगर गोड्या पाण्यातली, तिची जात वेगळी, पण ओळखीच्या पाण्याकडे तीही ओढ घेते. आणि वाटेत कुणाच्या शेततळ्यात, कुणाच्या गोठ्यात थांबत थांबत आलेली भुकेली मगर कमाटीबागेमागे पडून राहणाऱ्या मगरीपेक्षा कितीतरी जास्त धोक्याची. नर्मदेतही आधीच्या मगरी आहेत, त्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत. नवी आली की मारामारी, आणि हरलेली पुन्हा माणसांच्या वस्तीकडे.

दुसरी गोष्ट महाराष्ट्रातली, जुन्नरची. तिथे 2001नंतरच्या काही वर्षांत उसातले बिबटे मोठ्या संख्येनं पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. हल्ले कमी व्हावेत, हाच हेतू. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तो 2011 साली प्रसिद्ध झाला. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17वर गेले, आणि जिथे बिबटे सोडले त्या जागांच्या आसपासही हल्ले होऊ लागले. हे वाचल्यापासून 'लांब कुठेतरी' हे शब्द मी सहज ऐकू शकत नाही. ते 'कुठेतरी' म्हणजे कुणाचं तरी गाव असतं. तिथे कुणीतरी आई मुलाला शाळेत सोडायला त्याच वाटेनं जात असते, आणि तिला काल रात्री तिथे काय सोडलं गेलं याचा पत्ताही नसतो.

त्यामुळे मगर पकडून जवळच्या पाण्यात सोडणं हेच मला या शहरातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. ते करणारी मुलं, बरीचशी नोकरी-धंदा सांभाळून रात्री-अपरात्री धावणारी, यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे. त्यांच्यात मराठी घरांतली, गुजराती घरांतली, सगळीकडची मुलं आहेत. दोघा तरुणांनी मगर स्कूटरवर मध्ये आडवी धरून वनखात्याच्या कचेरीत पोचवली, तो व्हिडिओ 2024च्या पुरानंतर सगळ्यांनी पाहिला. त्या मुलांचं धैर्य मोठं, पण माझ्या भाच्यानं तसं करू नये असंच मला वाटतं. गाडी येईपर्यंत माणसांना लांब ठेवणं, कुत्री बांधणं, दिवा लावून नजर ठेवणं हीदेखील मदतच आहे, आणि ती कुणालाही करता येते.

बाकीचं काम पकडण्याच्या आधीचं. निजामपुऱ्यात माझे दीर राहतात, भूखी कांस त्यांच्या सोसायटीमागून जाते. तिथल्या चिकन-मटणवाल्यांचा उरलेला माल कांसेत पडायचा, आणि दर पावसाळ्यात मगर तिथेच येऊन बसायची. सोसायटीनं त्या दुकानदारांशी बसून बोलणं केलं. आता रोज संध्याकाळी बंद पिंपांतून तो माल गाडीनं जातो. भिंतीखाली पाणी जायला ठेवलेल्या भोकांना लोखंडी गज बसवले. गेल्या पावसाळ्यात मगर कांसेतून गेली, थांबली नाही.

जूनमध्ये पहिल्या पावसाच्या सुमाराला अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात, वीतभर-दीड वीत लांबीची. कांसेच्या काठी अशी पिल्लं दिसली की मुलं उचलून हातात घेतात, फोटो काढतात. आई फार लांब नसते. मगरीण घरट्यावर राखण करते, पिल्लांचा आवाज आला की माती उकरून त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. तेव्हा पिल्लू दिसलं की मागे सरा, मुलांना आत घ्या, फोन करा.

घरटी त्याआधी घातली जातात, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, काठाच्या भुसभुशीत मातीत खड्डा करून, एकेका घरट्यात 25-30 अंडी. 2024च्या पुरानंतर नदीतला गाळ काढायचं, पात्र रुंद करायचं काम हाती घेतलं गेलं. पुरात घर बुडालेली मी, मला ते काम हवंच आहे. पण उन्हाळ्याच्या याच महिन्यांत काठावर यंत्रं चालली तर मगरी काठ सोडून कांसेत, आणि कांसेतून आपल्या परसात येणार. म्हणून आमच्या भागातल्या काही घरांनी मिळून लेखी मागणी दिली आहे: घरट्यांच्या जागा आधी जाणकारांकडून शोधून खुणा कराव्यात, तो काठ जूनपर्यंत सोडून द्यावा, आणि काम एका वेळी एकाच बाजूनं चालवावं, म्हणजे दुसऱ्या काठावर त्यांना सरकायला जागा राहील. नदीकाठी राहणाऱ्या कुणाला या अर्जावर सही करायची असेल, तर मासींच्या ओट्यावर त्याची प्रत ठेवलेली आहे, संध्याकाळी सहानंतर त्या तिथेच असतात.